दळवी सरांचा कल्याणचा नंबर

तुमच्या सदरातले अनुभव मी वाचते ते, खरं सांगायचं तर, खुसपटं काढायला. माझी नणंद ते आवडीने वाचते आणि मी तिला प्रत्येकाचं कारण काढून दाखवते – हा वारा होता, ही तापातली बडबड, हा बुवा सरळ थापा मारतोय. परवा ती वैतागून म्हणाली, तुझ्या बाबतीत कधी काहीच झालं नाही का गं? मी नाही म्हणाले. पण मग दोन दिवस भाजी चिरताना, बसची वाट बघताना दळवी सरच आठवत राहिले. म्हणून लिहितेय. नावं बदललीत, गावं नाही.

साल नव्याण्णव. मी तेव्हा डोंबिवलीला आईबाबांकडे राहायचे आणि ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये नोकरी करायचे. कंपनी कापडाचे रंग परदेशी पाठवायची. कारखाना डोंबिवली एमआयडीसीत, ऑफिस ठाण्याला. ऑफिसात नुकतीच इंटरनेटची लीज्ड लाइन आलेली आणि कंपनीचा स्वतःचा मेल सर्व्हर मीच बसवलेला. सर्व्हर म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हे... माझ्या खोलीत टेबलाखाली ठेवलेला एक पीसी, त्यावर लिनक्स आणि सेंडमेल नावाचा मेलची ने-आण करणारा प्रोग्राम. शेजारी फोनच्या लाइनवरून कॉम्प्युटर जोडणारे दोन मोडेम.

सुरुवातीला छान चाललं. मग एक दिवस जर्मनीच्या गिऱ्हाइकांना आमची मेल पोचेनात. सगळी परत यायला लागली. शोधलं तेव्हा कळलं की जगातला कुठलाही भामटा आपली मेल आमच्या सर्व्हरला आणून देत होता आणि आमचं येडं ती आमच्या नावाने हजारो लोकांना वाटत सुटलं होतं. वजन घटवा, घरबसल्या श्रीमंत व्हा – असली. याला ओपन रिले म्हणतात. दार सताड उघडं टाकून झोपण्यातला प्रकार. तिकडच्या लोकांनी वैतागून आमच्या सर्व्हरला काळ्या यादीत टाकलेलं.

तो आख्खा आठवडा मी दारं बंद करत होते. नवीन सेंडमेल टाकलं, रिले बंद केला, सगळ्यांचे पासवर्ड बदलले. काही जणांना कंपनीने घरी पीसी आणि मोडेम दिलेले, ते घरून फोन लावून मेल पाठवायचे. त्यांच्यासाठी मी कॉलबॅक चालू केला. म्हणजे असं – माणसाच्या मोडेमने आमच्या मोडेमला फोन करायचा, नाव-पासवर्ड द्यायचा. आमचा मोडेम ते तपासून फोन ठेवून देणार आणि मग स्वतः त्या माणसाच्या नोंदवलेल्या नंबरवर उलटा फोन लावणार. पासवर्ड चोरून काही उपयोग नाही. चोराला त्या माणसाच्या घरात जाऊन बसावं लागेल.

मी खूश होते. काळ्या यादीतून नाव निघालं. रोज सकाळी मी लॉग वाचायचे, म्हणजे सर्व्हरने केलेल्या प्रत्येक कामाची नोंद. बाहेरचे भामटे येत होते आणि दारावर आपटून परत जात होते. ते बघण्यात एक मजा होती.

अशातच एका दुपारी दळवी सर माझ्या खोलीत आले.

दळवी सर आमचे एक्स्पोर्ट मॅनेजर. पन्नाशीच्या आसपासचे, मूळचे देवगडकडचे, राहायला कल्याणला रामबागेत. अतिशय सरळ आणि अतिशय कमी बोलणारा माणूस. माझ्या इंटरव्ह्यूत बाकीचे लग्न कधी करणार ते विचारत होते, तेव्हा काम काय येतं हे विचारणारे तेवढे एकटेच. डबासुद्धा एकटे खायचे. तुसडे नव्हते, पण स्वतःबद्दल एक शब्द बोलायचे नाहीत.

ते म्हणाले, "वैशाली, माझ्या नावाने कुणीतरी मेल पाठवतंय."

मी म्हटलं, सर, ते सोपं असतं, पाठवणाऱ्याचं नाव कोणीही काहीही लिहू शकतं. त्यांनी एक प्रिंट पुढे केला. हॅम्बुर्गच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचं उत्तर होतं. बायकोच्या ऑपरेशनची इतक्या आपुलकीने चौकशी केल्याबद्दल त्याने सरांचे आभार मानलेले.

"ऑपरेशनचं मला माहीत होतं," सर म्हणाले. "लिहायचं मनात होतं. लिहिलं नव्हतं."

मी लॉग काढला. मेल आमच्याच सर्व्हरवरून गेलेली. सरांच्या नावाने, सरांच्या पासवर्डने, कॉलबॅक करून. आमच्या मोडेमने सरांच्या कल्याणच्या घरी फोन लावलेला आणि तिथल्या मोडेमने तो घेतलेला. वेळ सकाळची अकराच्या सुमाराची. त्या वेळी सर ऑफिसात होते. मागे जाऊन पाहिलं तर गेला पंधरवडाभर, सुट्टीचे दिवस सोडून, रोज तेच.

साहजिकच मी विचारलं, घरी कोण असतं? कोणी नाही, म्हणाले. मुलीचं लग्न होऊन ती नाशिकला. बायको मोहन्याच्या शाळेत शिकवते, ती दुपारी येते. किल्ल्या दोनच, एक तिच्याकडे, एक माझ्याकडे.

मला वाटलं, बाईंनी कोणाला तरी किल्ली दिली असेल, नाहीतर लाइनमध्ये कोणीतरी वायर टाकली असेल. टेलिफोनच्या बाबतीत तेव्हा असले धंदे चालायचेच. मी सरांना सांगितलं, उद्या येताना घरचा मोडेम काढून घेऊन या. मोडेमच नाही तर उचलणार काय? सर दुसऱ्या दिवशी तो पिशवीतून घेऊन आले. मी तो माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवला.

अकराच्या सुमाराला आमचा मोडेम वाजला. फोन आला, ठेवला गेला, उलटा फोन लागला. मोडेमचा तो ओळखीचा किरकिराट झाला आणि लाइन जुळली. सरांच्या नावाने एक मेल गेली.

मी ड्रॉवर उघडून पाहिला. मोडेम आत होता. सर माझ्या खुर्चीच्या मागे उभे होते.

मला आधी रागच आला – भीती नाही. आपण केलेल्या कामात कोणीतरी बोट घालून दाखवतंय असा राग. लाइन सुटेपर्यंत थांबले आणि टेबलावरच्या साध्या फोनवरून सरांच्या घरचा नंबर फिरवला. म्हटलं, कोण बसलंय ते तरी कळू दे.

दोनदा रिंग गेली आणि उचलला.

"हॅलो, दळवी बोलतोय."

आवाज सरांचा होता. सरांसारखा नव्हे, सरांचाच. 'दळवी'तला 'ळ' जरा जड, आणि शेवटी थोडासा खाकरल्यासारखा श्वास. मान वळवून सरांकडे बघितलं आणि रिसीव्हर त्यांच्या हातात दिला.

सरांनी कानाला लावला. "कोण?" एवढंच विचारलं. मग ते ऐकत राहिले. बराच वेळ. चेहऱ्यावर काही नाही, फक्त दुसऱ्या हाताने टेबलाची कड धरलेली. शेवटी "बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

मी विचारलं, काय म्हणाला? त्यांनी मान हलवली. तो माणूस काय बोलला ते त्यांनी मला तेव्हा सांगितलं नाही, नंतरही नाही.

दुपारी हाफ डे टाकून आम्ही दोघं कल्याणला गेलो. मीच म्हटलं, मी येते. एकट्याने त्या घरात जावं असं मला वाटेना. रामबागेतली साधी चार मजली बिल्डिंग, तिसऱ्या मजल्यावर घर. दाराला बाहेरून कुलूप. आत सगळं जिथल्या तिथे – पांघरुणांच्या घड्या, ओट्यावर पालथं घातलेलं पातेलं. पीसीवर कव्हर. फोन उचलला तर नेहमीचा टोन. मी वायर भिंतीपासून खालच्या टेलिफोनच्या डब्यापर्यंत बघून आले. कुठे काही जोडलेलं नव्हतं.

तेवढ्यात दळवीकाकू शाळेतून आल्या. मला बघून थोड्या चपापल्या, पण सरांनी मेलचं काहीतरी बिघडलंय, ही बघायला आलीय, असं सांगितलं. काकूंनी चहा टाकला. बाई गोड, बोलक्या. सर न्हाणीघरात हातपाय धुवायला गेले तशा हळूच मला म्हणाल्या, "बरं झालं यांना हल्ली सकाळी घरी राहायची सवलत दिलीत. माणूस बदलला गं माझा."

मी विचारलं, म्हणजे?

मग त्यांनी सांगितलं. थोड्या दिवसांपूर्वी शाळेतून मुलीला नाशिकला फोन करायचा होता, हाताच्या सवयीने घरचाच नंबर लागला. आणि यांनी उचलला. काकूंना वाटलं, कामावर गेले नाहीत की काय. तेव्हापासून त्या मधल्या सुट्टीत रोज फोन करतात. हे रोज असतात. आणि बोलतात. इतक्या वर्षांत बोलले नाहीत इतकं.

"आमचा पहिला मुलगा..." काकू थांबल्या. "मंदार. दीड वर्षाचा होऊन गेला, गावी, तापाने. यांनी त्यानंतर कधी त्याचं नाव घेतलं नाही. मी घेतलं तर उठून जायचे. परवा फोनवर आपणहून म्हणाले – शुभा, मंदारची आठवण येते."

सर मागे उभे होते, हातात टॉवेल. कधी आले ते कळलं नव्हतं. काकू वळून लाजल्यासारख्या हसल्या आणि म्हणाल्या, "सांगितलं हो तिला. तुम्हीच तर म्हणालात परवा."

मी सरांकडे बघत होते. आता ते म्हणतील, मी नाही म्हटलं. पण ते एवढंच म्हणाले,

"हो."

मला रिक्षापर्यंत सोडायला ते खाली आले. स्टँडवर रिक्षा नव्हती म्हणून थोडं थांबावं लागलं. मी म्हटलं, सर, काकूंना खरं सांगायला हवं. ते म्हणाले, काय सांगू? मग रिक्षा आली, मी बसले, आणि त्यांनी दांडीला धरून आत वाकून सांगितलं, "उद्या सकाळी आल्या आल्या बंद कर. माझा नंबर काढून टाक, पासवर्ड बदल. ती त्याची वाट बघायला लागलीय."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात पोचले तेव्हा इनमिन दोन माणसं आलेली. मी सरांचा कल्याणचा नंबर कॉलबॅकमधून काढला. त्यांच्या नावाने बाहेरून येणारी वाट बंद केली. पासवर्ड बदलला. डोक्यात आला तो, काहीच्या बाही अक्षरांचा. कुठे लिहिला नाही, कोणाला सांगितला नाही. सर आले की कानात सांगणार होते. चहा आला, मी लॉग उघडून बसले.

सर आले. माझ्या खोलीला काच होती, समोर हॉलमध्ये त्यांचं टेबल दिसायचं. त्यांनी बॅग ठेवली, पाणी प्यायले, पीसी चालू केला. मी उठणार, एवढ्यात माझ्या स्क्रीनवर ओळ आली – दळवी, लॉगिन, ओके.

नव्या पासवर्डने.

मी अजून उभी राहिलेही नव्हते तोवर फोन वाजला.

"वैशाली," आवाज दळवी सरांचा. धाप लागलेला, जिने चढून आल्यासारखा. "मला आत येता येत नाहीये."

काचेपलीकडे सर की-बोर्डवर टाइप करत होते. त्यांचा फोन जागेवर ठेवलेला होता.

मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. बहुतेक, कोण बोलतंय, असं विचारलं. तो म्हणाला, "मी दळवी. अगं, तू काय बंद केलंस?" तरी डोकं चालत होतं – कामाची सवय. माणूस खरा की खोटा, हे ठरवायचं तर त्यालाच ठाऊक असेल असं काहीतरी विचारायचं. मी विचारलं, "काल रिक्षात बसताना तुम्ही मला काय सांगितलंत?"

त्याने लगेच सांगितलं. शब्दाला शब्द. मग म्हणाला, "वैशाली, मी सांगितलं तुला बंद करायला. मी."

रिसीव्हर टेबलावर ठेवून मी बाहेर गेले. सरांच्या टेबलापाशी उभी राहिले. त्यांनी वर बघितलं आणि हसले. छान, मोकळं हसले. असं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, सर, पासवर्ड बदललाय तुमचा. म्हणाले, "हो, मिळाला की." कोणी दिला? "तूच दिलास." मी विचारलं, काल रिक्षात बसताना काय म्हणालात ते आठवतं का? त्यांनी पेन उचललं, टोपण लावलं. "काल बरंच बोललो आपण," म्हणाले. "जा, चहा गार होतोय तुझा."

परत येऊन रिसीव्हर कानाला लावला तर लाइन गेलेली. मी कल्याणचा नंबर लावला. रिंग वाजत राहिली. कोणी उचलला नाही.

यापुढे तुम्ही विचाराल, मग तू काय केलंस? काय करणार होते मी? डायरेक्टरांना सांगणार होते की आपले एक्स्पोर्ट मॅनेजर ते आपले एक्स्पोर्ट मॅनेजर नव्हेत? पुरावा काय, तर पासवर्ड बरोबर टाकला हा? मी गप्प बसले. लॉग रोज वाचत राहिले. सर्व्हरला नंतर कधी काही झालं नाही. कल्याणहून फोन यायचा बंद झाला. आणि दळवी सर... सगळ्यांना आवडायला लागले. डबा घेऊन आमच्यात येऊन बसायचे, गावाकडच्या गोष्टी सांगायचे. हिशोबात तेच, कामात तेच. कोणी म्हणालं, मुलीला दिवस गेलेत, आजोबा होणार म्हणून खुललाय माणूस. खरंही असेल. फक्त ते माझ्या खोलीत कधी आले नाहीत. काचेतून नजरानजर झाली की हसायचे.

काही महिन्यांनी माझं लग्न ठरलं. ऑफिसात सगळ्यांना पत्रिका दिल्या, पण दळवी सर म्हणाले, घरी येऊन दे, काकू रागावतील. नाही कसं म्हणणार? एका रविवारी दुपारी आईला बरोबर घेऊन गेले.

सरांनी दार उघडलं. या या, बसा. आईशी गप्पा सुरू केल्या, देवगडचे आंबे वगैरे. मी काकूंना मदत करायला आत गेले. काकू बारीक झालेल्या. पोह्यांवर खोबरं घालत होत्या, मला बघून हसल्या, पण हसणं डोळ्यांपर्यंत गेलं नाही. मी विचारलं, बऱ्या आहात ना?

"मला काय धाड भरलीय," म्हणाल्या. "हे फार चांगले वागतात. रोज बोलतात. मंदारचं नाव काढतात, त्याचे लाड करायचे तसे हातवारे करून दाखवतात." मग खोबरं घालता घालता थांबल्या. "दुपारी फोन येतो गं. आधी मी उचलायचे. आता नाही उचलत."

कोणाचा, असं मी विचारलं नाही. त्या आपणहूनच बोलल्या.

"म्हणतात, शुभा, दार उघड. एवढंच म्हणतात. आणि सुट्टीच्या दिवशी हे तेव्हा इथेच बाहेर पेपर वाचत बसलेले असतात." त्यांनी माझं मनगट धरलं. हात ओला होता. "तू कॉम्प्युटरवाली आहेस. तुला कळतं यातलं. मला एक सांग... आवाज दोन्ही यांचाच आहे. मी कुठल्याला हो म्हणू?"

तेवढ्यात बाहेर हॉलमध्ये फोन वाजायला लागला.

काकू हलल्या नाहीत. मी दारातून बघितलं. फोन सरांच्या हाताच्या अंतरावर, स्टुलावर. आई फोनकडे बघत होती, मग सरांकडे, मग परत फोनकडे. सर पत्रिका वाचत होते. पान उलटलं, मुहूर्त बघितला. वर न बघताच आईला म्हणाले, "वाजू द्या. राँग नंबर असतो रोजचा."

तो वाजतच राहिला. आम्ही पोहे खाल्ले, चहा घेतला. मध्येच थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. आम्ही निघालो, सर दारापर्यंत आले, आशीर्वाद दिला. आई जिन्यात म्हणाली, किती मोकळा माणूस आहे गं, तू तर म्हणायचीस बोलत नाहीत. खालच्या मजल्यापर्यंत मला तो फोन ऐकू येत होता.

लग्नानंतर मी ती नोकरी सोडली. त्या घरी पुन्हा गेले नाही. मेल सर्व्हर मात्र पुढेही सांभाळले, मोठमोठे. कोणाला आत घ्यायचं, कोणाला बाहेर ठेवायचं, हेच माझं काम, आणि लोक म्हणतात मला ते चांगलं जमतं. या अनुभवाची जेवढी कारणं सुचतील तेवढी मी स्वतःला देऊन पाहिली – क्रॉस कनेक्शन, कोणीतरी आवाज काढत होता, मीच बावचळले होते. एकही पुरं बसत नाही. त्या सकाळी मी वाट बंद केली, एवढं नक्की. दाराच्या कुठल्या बाजूला कोण राहिलं, ते मला माहीत नाही.